डॅशबोर्डातला टॅबलेट: इंदूर ते नाशिक, आणि माझं मत



२०२० साली मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅबलेट आज आपल्यापैकी कित्येकांच्या कपाटात पडून असेल. आमच्याकडेही होता. नात तेव्हा नर्सरीत होती. नर्सरीची ऑनलाइन शाळा म्हणजे काय प्रकार असतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. शाळा उघडल्या आणि टॅबलेट कपाटात गेला. दुसरीकडे आमची २०१३ सालची वॅगन आर. गाडी ठणठणीत, पण तिचा टेप दोन वर्षांपासून मुका. या दोन गोष्टी एका घरात असल्या की कुठल्या तरी हुशार पोराला कल्पना सुचतेच. आमच्याकडे ती भाच्याला सुचली.

"मामा, नवा टचस्क्रीन टेप कशाला घेता? हाच टॅबलेट डॅशबोर्डात बसवून टाकू. नकाशा, गाणी, रिव्हर्स कॅमेरा, सगळं एकात. आजीला पण मजा."

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली.

आज माझं मत नेमकं उलटं आहे, आणि ते आधीच सांगून टाकतो. घरचा टॅबलेट गाडीच्या डॅशबोर्डात बसवू नये. मी काही नव्या गोष्टींच्या विरुद्ध माणूस नाही. बँकेचं सगळं काम मोबाइलवर करतो, वीजबिलासाठी रांगेत उभं राहून वर्षं झाली. पण या एका गोष्टीत आम्ही चुकलो. काय चुकलं ते सांगायचं तर इंदूरहून नाशिकपर्यंत तुम्हाला माझ्याबरोबर गाडीत बसावं लागेल.

आधी बसवण्याची कथा. ज्यांना हा उद्योग करायचाच आहे त्यांच्या ती उपयोगी पडेल.

टेपसाठी डॅशबोर्डात जी खाच असते ती मोठ्या मापाची असली तर साधारण १८० बाय १०० मिलिमीटर. सात इंची टॅबलेट त्याहून किंचित मोठा निघतो. म्हणजे फ्रेम घासावी लागते. दुकानातला मुलगा कानस घेऊन बसला आणि म्हणाला, "अंकल, टेंशन मत लो, एकदम कंपनी जैसा लगेगा." दिसायला तसा लागलाही. पण टेप काढला की त्याच्याबरोबर त्याच्या पोटातला ॲम्प्लिफायरही जातो, हे आम्हाला तिथे कळलं. टॅबलेट स्वतःच्या जोरावर गाडीचे स्पीकर वाजवू शकत नाही. मग एक छोटा ॲम्प्लिफायर सीटखाली. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, टॅबलेटला हवे ५ व्होल्ट. मग मधे एक कन्व्हर्टर. फुकटातला टॅबलेट असा हळूहळू महाग होत गेला. रिव्हर्स कॅमेऱ्याचं तर जमलंच नाही. तो कॅमेरा ज्या वायरने चित्र पाठवतो, ती लावायला साध्या टॅबलेटला जागाच नसते.

पहिल्याच आठवड्यात गाडी चार दिवस उभी राहिली, आणि पाचव्या दिवशी चावी फिरवली तर नुसतं टक-टक. बॅटरी बसलेली. त्या मुलाने टॅबलेटची वायर किल्लीवर चालू-बंद होणाऱ्या तारेऐवजी सतत करंट असणाऱ्या तारेला जोडली होती. म्हणजे आम्ही झोपलो तरी टॅबलेट गाडीची बॅटरी पीतच होता. बाजारातल्या टेपच्या वायरिंगमध्ये बहुधा पिवळी तार सतत करंटची, लाल किल्लीवरची आणि काळी अर्थिंगची असते. तुम्ही काम करून घेणार असाल तर उभं राहून विचारा, आणि मधे फ्यूज टाकलाय ना ते डोळ्यांनी बघा.

दुसरं दुखणं शिट्टीचं. एक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक सूर निघायचा, आणि गाडीच्या वेगाबरोबर तो चढत जायचा. चार्जिंग आणि आवाज दोन्हींची अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने गाडीच्या पत्र्यालाच जाते, त्यातून हा घोळ होतो. त्यासाठी मधे टाकायचा एक छोटा डबा मिळतो. आईने मात्र डब्याची वाट पाहिली नाही. ती म्हणाली, "तंबोरा तरी नीट लावायचा होतास."

पण खोटं कशाला बोलू, सुरुवातीचे दोन महिने आम्ही खूष होतो. आईचं वय ८४. ऐकायला कमी येतं, पण गाडीत बसल्यावर चारही स्पीकरमधून कुमारजींची निर्गुणी भजनं लागली की ती डोळे मिटून हात हलवायची. कुमारजी देवासचे, म्हणजे आमच्या हिशोबात घरचेच. नकाशा मराठीत बोलायचा. "दोनशे मीटरवर डावीकडे वळा," असं त्या बाईने म्हटलं की आई तिला "बरं" म्हणायची. आम्ही हसायचो. इंदुरात आपण अर्धा वेळ "लेफ्ट मार" म्हणतो, आणि ही बाई एवढ्या शुद्ध भाषेत सांगते याचं आईला फार कौतुक.

टॅबलेट बसवताना डॅशबोर्डावरचा छोटा गणपती काढावा लागला. दुकानातल्या मुलाने जुना गोंद खरवडून तो माझ्या हातात दिला. मी तो समोरच्या कप्प्यात ठेवला, अण्णांच्या डायरीशेजारी.

त्या डायरीबद्दल थोडं सांगतो, कारण माझ्या मताचं मूळ तिथे आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी १९८७ साली एक जुनी फियाट घेतली. दर उन्हाळ्यात आम्ही त्या फियाटमधून नाशिकला आत्याकडे जायचो. साधारण सव्वाचारशे किलोमीटर. आज आठ तासांत होतं, तेव्हा पहाटे चारला निघून दिवेलागणीला पोचायचं. अण्णांनी एका पॉकेट डायरीत तो रस्ता लिहून ठेवला होता. "मानपूर, घाटाआधी ब्रेक बघणे. खलघाट पूल, सुटी नाणी काढून ठेवणे. सेंधवा, रेडिएटरात पाणी. पळासनेर, महाराष्ट्र सुरू." अशा ओळी. कुठे चहा चांगला, कुठे बायकांसाठी सोय आहे, तेही.

पण डायरी अण्णांची, आणि रस्ता खरा आजीचा. मागच्या सीटवर आम्ही तीन भावंडं आणि मधे आजी. मानपूरच्या पुढे घाट उतरला की ती म्हणायची, "माळवा संपला, निमाड लागला." खलघाटला नर्मदा. पुलावर अण्णा गाडी हळू करायचे, आम्ही नाणी टाकायचो, आणि आजी हात जोडून पूर्वेकडे बघत म्हणायची, "तिकडे महेश्वर. अहिल्याबाईंचं." मग सेंधव्यानंतर बिजासनीचं देऊळ आणि घाट. शिरपूरच्या पुढे तापी. नर्मदा आणि तापी दोन्ही पश्चिमेला वाहतात, हे मला शाळेच्या पुस्तकाआधी आजीने सांगितलं. सोनगीर आलं की तांब्या-पितळेची भांडी. आणि चांदवड आलं की ती अगदी सावरून बसायची. तिथे रेणुकेचं देऊळ, आणि होळकरांचा रंगमहाल. "बघा, हे पण आपलंच. इंदूरहून निघालो तरी आपण होळकरांच्याच घरातून होळकरांच्या घरी आलो." आपली मंडळी होळकरांबरोबर इकडे आली, कुणी शिपाईगिरीला, कुणी कारकुनीला, कुणी भिक्षुकीला, ही सगळी गोष्ट आम्ही त्या फियाटमध्ये ऐकली. पुस्तकात नंतर वाचली.

आता फेब्रुवारीतल्या प्रवासाकडे येतो. नाशिकला आत्येभावाच्या मुलीचं लग्न. गाडीत मी चालवायला, शेजारी आई, कारण तिचे गुडघे मागे मावत नाहीत. मागे सौ., सूनबाई आणि नऊ वर्षांची नात. मुलगा ऑफिसमुळे रेल्वेने मागून येणार होता.

राऊ सोडलं नाही तोच नातीचं सुरू झालं, "आबा, बोर हो रहा है." ती घरात आमच्याशी मराठी बोलते, पण कंटाळा आणि राग तिला हिंदीतच येतो. भाच्याने स्क्रीनचे दोन भाग करायची युक्ती शिकवून ठेवली होती. अर्ध्या भागात नकाशा, अर्ध्यात कार्टून. लावलं. गाडीत एकदम शांतता झाली.

तेव्हा मला ती शांतता छान वाटली. मानपूरचा घाट उतरलो, कुणी काही बोललं नाही. खलघाटच्या पुलावर आई म्हणाली, "अगं नर्मदा, बघ नर्मदा." नात म्हणाली, "एक मिनट पणजी." पूल मिनिटभरातच संपतो. आईने हातात काढून ठेवलेलं नाणं परत कनवटीला लावलं. सौ.ने मला आरशातून बघितलं. मी काही बोललो नाही.

आणि एक गोष्ट झाली, जी मला आरशात दिसत होती आणि तरी मी चालवून घेतली. स्क्रीन डॅशबोर्डात, म्हणजे पुढे. मागच्या माणसाला ती लांब. म्हणून नात सीटवरून सरकत सरकत पुढे आली आणि दोन सीटांच्या मधल्या फटीत उभी राहिली. पट्टा नाही, टेकायला काही नाही. सूनबाई दोनदा म्हणाली, "मागे बस." मीच म्हटलं, "राहू दे गं, शांत आहे ना."

सेंधवा गेलं, बिजासनचा घाट सुरू झाला. ज्यांनी हा घाट उतरलाय त्यांना माहीत आहे. मालाने लादलेले ट्रक खालच्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने उतरतात, आणि कुठे ब्रेक मारतील सांगता येत नाही. माझ्यापुढे असाच एक ट्रक. माझा वेग चाळीसच्या आसपास असेल. तेवढ्यात लग्नघरून व्हिडिओ कॉल आला. नकाशा गेला, कार्टून गेलं, सबंध स्क्रीनभर मेव्हण्याचा फोटो आणि घंटी. नात ओरडली, "आबा, काटो!" मी हात लांब केला. लाल बटण खालच्या कोपऱ्यात होतं. पहिल्यांदा बोट चुकलं.

वर बघितलं तेव्हा ट्रकचे मागचे दिवे लाल झालेले, आणि सौ. जोरात किंचाळलेली. ब्रेकवर उभा राहिलो. गाडी थांबली तेव्हा ट्रकचा मागचा फाळका आणि आमचं बॉनेट यांत दोन हातांचं अंतर होतं. नात पुढे फेकली गेली आणि तिचं कपाळ माझ्या सीटच्या कडेला आपटलं. गिअरच्या दांड्यावर आपटली असती तर काय, हे मी आजही पुरतं मनात आणू शकत नाही.

टेंगूळ आलं. पळासनेरला बर्फ मिळाला. ती थोडं रडली आणि झोपून गेली. डॉक्टरांनी धुळ्याला बघितलं, काही नाही म्हणाले. लग्न छान झालं. पण मला जेवण गेलं नाही.

आता मत.

लोक म्हणतील, "काका, चूक तुमची. कॉल बंद ठेवायचा होता, पोरीला पट्टा लावायचा होता." शंभर टक्के बरोबर. चूक माझीच, ती मी टॅबलेटवर ढकलत नाही. पण माझ्यासारखा पस्तीस वर्षं गाडी चालवणारा माणूस ही चूक का करतो, याचा विचार मी त्यानंतर फार केला. हिशोब सोपा आहे. ताशी चाळीसच्या वेगात गाडी एका सेकंदाला ११ मीटर जाते. कॉल कापायला मला दोन सेकंद लागले. म्हणजे २२ मीटर गाडी आंधळी चालली. हायवेवर साठच्या वेगात हेच ३३ मीटर होतात. टेपचं बटण आपण न बघता, हाताच्या सवयीने फिरवायचो. काचेवर हाताला काहीच लागत नाही. तिथे बघावंच लागतं. आणि जी गोष्ट बघावीच लागते, ती चालवणाऱ्याच्या हाताशी कशाला?

दुसरं म्हणजे, घरचा टॅबलेट हा घरचा असतो. त्यावर सगळ्यांचे कॉल, सगळ्यांचे मेसेज, मुलांचे खेळ. गाडीसाठी म्हणून बनवलेल्या स्क्रीनमध्ये बऱ्याचदा गाडी हलली की व्हिडिओ आपोआप बंद होतो. आपल्या टॅबलेटला गाडी चालू आहे की दिवाणखान्यातला सोफा, हे कळत नाही. तो रस्त्यावरही घरातल्यासारखाच वागतो.

कायदाही बघितला. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे हातातलं उपकरण गाडी चालवताना फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येतं, तेही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. आणि २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे १४ वर्षांखालचं मूल पट्टा किंवा लहान मुलांच्या खास सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड. मला कुणी दंड केला नाही. करायला हवा होता.

तिसरी गोष्ट मे महिन्यात कळली. इंदूरचा मे तुम्हाला माहीत आहे. गाडी दुपारी बाजारात उन्हात उभी होती. संध्याकाळी बघतो तर टॅबलेटची काच एका बाजूने फ्रेममधून वर आलेली. आतली बॅटरी फुगली होती. मग वाचून कळलं की असे टॅबलेट साधारण ३५ अंशांपर्यंत वापरायला आणि ४५ अंशांपर्यंत नुसते ठेवायला बनवलेले असतात. बाहेर ४२ असताना बंद गाडीत काचेखालचा डॅशबोर्ड त्याच्या कितीतरी वर जातो. वर तो रोज किल्ली फिरवली की चार्जिंगला. लिथियमच्या बॅटरीला उष्णता आणि सतत भरलेलं राहणं, दोन्ही नको असतं. फुगलेली बॅटरी दाबली किंवा भोसकली तर पेट घेऊ शकते. आणि ही वस्तू आम्ही आईच्या गुडघ्यांपासून दीड फुटावर बसवली होती. त्याच दिवशी काढून घेतला.

आता उलट बाजूही मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हाताऱ्याला सगळं जुनंच सोनं वाटतं. तसं नाही. अण्णांची डायरी असूनही १९९१ साली मालेगावात रात्री आम्ही चुकलो होतो. एका भल्या माणसाने मोठ्या खात्रीने चुकीचा रस्ता दाखवला, आणि तासभर भलत्याच दिशेने गेल्यावर कळलं. आजी सबंध वेळ रामरक्षा म्हणत होती. तेव्हा नकाशा असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो. आजही अनोळखी शहरात, रात्री, पावसात, नकाशा हवाच. पुण्याला डॉक्टरकडे आईला नेताना त्यानेच आम्हाला वेळेवर पोचवलं. आणि आईची भजनं, तीही खरीच. त्यासाठी टॅबलेट लागत नाही, एवढंच.

भाच्याचं म्हणणं अजून वेगळं. "मामा, पुढच्या गाडीत कंपनीचीच मोठी स्क्रीन येणार आहे, मग काय कराल?" त्याचं बरोबर आहे. येईल. तेव्हाही मी तिच्यात नकाशा लावेन आणि बाकी बंद ठेवेन. पण ती निदान गाडीतल्या उन्हाचा विचार करून बनवलेली असेल. आमच्यासारखी कानशीने घासून बसवलेली नसेल.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त लागली. त्यात अपघात नाही, म्हणून ती कुणी मोजत नाही.

आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक. आमच्या नातीची शाळा इंग्रजीत, मैत्रिणी हिंदीत, कॉलनी हिंदीत. घरात मराठी आहे, पण घरात प्रत्येकाची खोली वेगळी, वेळ वेगळी. पणजी, आजी-आजोबा, आई आणि ती, सगळे आठ तास एका जागी बसलेत, उठून जायची सोय नाही, असं वर्षातून किती वेळा होतं? गाडीतच. माझं मराठी शाळेत झालं नाही. ते झालं त्या फियाटच्या मागच्या सीटवर. आजीकडे गोष्टी होत्या, आणि आम्हाला दुसरं काही करायला नव्हतं. कंटाळा आला की आम्ही विचारायचो, "आजी, मग काय झालं?" तो कंटाळा फार कामाचा होता. आम्ही तो नातीकडून हौसेने काढून घेतला, वर त्यासाठी दुकानात पैसेही दिले.

नाशिकहून परतताना मी टॅबलेट बंद ठेवला. यात काही चमत्कार झाला असं सांगणार नाही. चांदवडपर्यंत ती फुगून बसली होती. मालेगावपर्यंत मोबाइल मागत होती. धुळ्याला बिस्किटं खाल्ली, भांडली, झोपली. तापीच्या पुलावर जागी झाली आणि खिडकीतून बघत म्हणाली, "ये नर्मदा है?" आई म्हणाली, "नाही गं, ही तापी. नर्मदा पुढे." मग ती म्हणाली, "पणजी, मग नर्मदा कधी येणार?" मराठीत म्हणाली. आईला सेंधव्यापर्यंत दम मिळाला नाही, एवढे प्रश्न. बिजासनच्या घाटात, त्याच वळणावर, ती आपण होऊन गप्प झाली आणि पट्टा चाचपून बघितला. खलघाटला आईने कनवटीचं नाणं काढलं. पुलाला आता कठडे उंच आहेत आणि गाड्या थांबू देत नाहीत. मी हळू केली. नाणं कठड्यावर आपटून आत पडलं की बाहेर, मला दिसलं नाही. नात म्हणते बाहेर पडलं.

मे महिन्यात टॅबलेट काढल्यावर डॅशबोर्डात एक चौकोनी भोक राहिलं. त्यात आता साधा, फिरत्या बटणाचा टेप बसवलाय. आईची भजनं पेन ड्राइव्हवर. नकाशा लागला तर मोबाइल स्टँडवर, काचेच्या खालच्या कोपऱ्यात, आवाज चालू आणि कॉल बंद. रस्ता निघण्याआधी लावायचा. बदलायचा असेल तर गाडी बाजूला घ्यायची, किंवा शेजारच्याने बदलायचा. चालवणारा हात लावणार नाही. नात मागे, पट्ट्यात. दोन तास काहीही न बघता, मग थांबू तेव्हा पंधरा मिनिटं मोबाइल. हा तह सौ.ने केलाय, माझी एवढी अक्कल नाही. गणपती पुन्हा डॅशबोर्डावर आहे. जुना गोंद चिकटला नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली.

अण्णांची डायरी मी नातीला दिली. मागे पंधरा-वीस पानं कोरी आहेत. तिने त्यात पहिली ओळ लिहिली आहे, "बिजासन घाट, आबांनी फोन उचलायचा नाही." "उचलायचा"चा "चा" चुकलाय. मी सुधारला नाही.

तुमच्यापैकी कुणी बेळगावहून पुण्याला, बडोद्याहून नाशिकला, हैदराबादहून सोलापूरला, ग्वाल्हेरहून कुठे कुठे असेच वर्षानुवर्षं गाडीने जात असतील. तुमच्या रस्त्यावर कुठली नदी, कुठलं देऊळ, आणि मुलांना ते कोण सांगतं? जरूर कळवा. आणि टॅबलेट कपाटातच बरा आहे.